रोरीच्या नावाचं झुडूप

जीव्हस्टन, टास्मानिया
ऑक्टोबरअखेर

प्रिय नरेल,

हे पत्र मी कितव्यांदा सुरू करते आहे ते विचारू नकोस. दोन ओळी लिहिते, उठते, शेगडीत लाकूड सारते, खिडकीपाशी जाऊन येते, आणि परत बसावं तर मघाशी लिहिलेलं वाचवत नाही. बाहेर वारा सुटलाय. इथला वसंतातला वारा तुला मी काय सांगायचा, सफरचंदांचा फुलोरा झाडावर टिकू देत नाही. मागच्या पडवीचा पत्रा एका कोपऱ्यात सैल झालाय आणि सारखा आपटतोय. आई आतून म्हणते, "ग्लेन, एक तर बस, नाहीतर तो पत्रा तरी ठोक." मी दोन्ही करत नाही. इतकी वर्षं आपण नाताळची कार्डं तेवढी पाठवत आलो. तू लिहायचीस 'इकडे सगळं ठीक', मी लिहायची 'आई बरी आहे', आणि तेवढ्यावर आपण दोघी सुटायचो. समुद्रापलीकडे डनेडिनला तुझ्या दारात हे जाडजूड पाकीट पडेल तेव्हा तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, चौऱ्यायशी झाली तरी सरपण स्वतः फोडते. पण एक नाव गेलं, नरेल, आणि ते माझ्या हातून गेलं. तिथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर बाकीचं तुला कळणार नाही.

माझं काम अजून तेच. होबार्टच्या संग्रहालयात कागदावर चिकटवलेली वाळकी झाडं बघायची आणि कोणतं काय ते ठरवायचं. तू हसायचीस, म्हणायचीस, ग्लेनिसला नावं ठेवायचा पगार मिळतो. खोटं नाही ते. एकाने ठेवलेल्या नावाला दुसऱ्याने नावं ठेवायची, यावरच आमचा धंदा चालतो. मला हे वेड रोरीने लावलं. माझा भाऊ, आणि तुझा... तुझा कोण, हे आपण तिघांत कधी कुणी तोंडाने म्हटलं नाही. बाबांच्या ट्रकमध्ये पुढच्या एका बाकावर आपण दाटीवाटीने बसायचो, आठवतं? बाबा लाकडाच्या गिरणीतून सुटलेले, अंगभर भुसा, आणि रोरी त्यांना ऐकवायचा की बाबा, तुम्ही रोज ज्याच्यावर करवत चालवता ना, निलगिरीच्या अख्ख्या गोतावळ्यात पहिलं नाव त्याला मिळालंय. समोरच्या ब्रूनी बेटावरून जहाजाने नेलेली फांदी होती ती. युकॅलिप्टस म्हणजे नीट झाकलेलं, कळीवर टोपी असते म्हणून. ऑब्लिक्वा म्हणजे तिरपं, पान देठाशी तिरकं बसतं म्हणून. बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तिरपं आहे ते मला चिरताना रोज कळतं. त्याला लॅटिन कशाला लागतं?" तू इतकी हसलीस की त्यांनाही हसू आलं. आमचे बाबा, लेन हॅलम, हसले हे मी गिरणीत कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बोरोनियाची गोष्टही त्याच बाकावरची. तुला त्या फुलांचा वास आवडायचा म्हणून त्याने मुद्दाम सांगितली. बोरोने नावाचा एक इटालियन पोरगा, वनस्पती गोळा करणाऱ्यांच्या हाताखाली काम करायचा, अथेन्समध्ये खिडकीतून पडून गेला. ज्यांच्याकडे काम केलं होतं त्यांतल्या एकाने त्याचं नाव या फुलांना दिलं. त्या पोराने तर हा देश कधी पाहिलाही नव्हता. रोरी म्हणाला, इतरांकडे माणूस गेला की फुलं वाहतात, आमच्याकडे फुलाला माणूस वाहतात. त्या दिवशी ते नुसतं बोलण्यातलं चातुर्य होतं. पुढच्या मार्चनंतर मी बोरोनिया हा शब्द कित्येक वर्षं संग्रहालयातसुद्धा उच्चारला नाही, कपाटाकडे बोट दाखवून काम भागवायची.

सॅडल डोंगराच्या कड्यावर त्याला ते झुडूप सापडलं तो नोव्हेंबर तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तू होतीस तिथे. गुडघ्याएवढं, टोकदार पानांचं, वरच्या काटकीला दाटीने लागलेली पांढरी फुलं. एपाक्रिसच ते, यात शंका नव्हती. नावाचा अर्थच 'डोंगरमाथ्यावरची'. पण कोणती एपाक्रिस, ते पुस्तकांत मिळेना. घरी आला तेव्हा बूट न काढता स्वयंपाकघरात शिरला आणि आईने त्याला तसाच बाहेर काढला, हे मी कुणालाही सांगते. बी धरलं की परत जाऊन आणायचं म्हणून तुम्ही दोघं मार्चमध्ये पुन्हा गेलात. त्यापुढचं तू आम्हाला स्वतः येऊन सांगितलंस. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलंस, की ढग उतरला होता, तो खाली जाऊ म्हणत होता, आणि मीच म्हणाले, त्या टेकाडाच्या पलीकडे अजून असतील, तेवढं बघू, आणि तिथेच कड्यावरून त्याचा पाय सुटला. एवढं खरं सांगायची गरज नव्हती, नरेल. मी तुझ्या जागी असते तर सांगितलं नसतं. दफनानंतर गावच्या हॉलमध्ये सँडविचच्या टेबलापाशी आई तुला जे बोलली ते मी ऐकलं, अख्ख्या गावाने ऐकलं. ती ओरडली नाही, तेच वाईट होतं. ती म्हणाली, "तो परत यायला निघाला होता. तू थांबवलंस." तू कप खाली ठेवलास आणि गेलीस. मग थंडी सुरू होता होता तू देशच सोडलास.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. डॉक्टर मॉर्टलॉक, रोरीचे गुरू, त्यांनी त्या झुडपाचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि नाव दिलं एपाक्रिस हॅलमिआय. हॅलमची एपाक्रिस. पुरुषाच्या नावाला शेवटी 'आय' लागतो. छापलेला अंक घेऊन ते स्वतः गाडी चालवत आले. आईने हात पुसून तो घेतला, वाचता येईना म्हणून त्यांच्याकडून उच्चार शिकून घेतला, आणि मग संध्याकाळी शेगडीपाशी बसून तोंडातल्या तोंडात घोकत राहिली. इतकी वर्षं ती 'हॅलमाय' असंच म्हणत आली. नंतर एकदा लाकूडतोड्यांपैकी कुणी रोरीबद्दल 'झाडांना मिठ्या मारणारा' असं काही म्हणालं तर बाबांनी त्याला सांगितलं, "तुझ्या नावाचं काय आहे रे? गल्ली तरी आहे का?" पुढे वाटेच्या सुरुवातीला पाटी लागली. शाळेच्या अंगणात झुडपं लावायचा प्रयत्न झाला, ती जगली नाहीत. आणि दर नोव्हेंबरला आई वर जायची. आधी थेट कड्यापर्यंत, बाबा गेल्यावर माझ्याबरोबर, गुडघे दुखायला लागल्यावर लाकडी फळ्यांच्या वाटेपर्यंत, तिथेही दोन-चार झुडपं आहेत. ती रडायची नाही. फुलांवरून एकदा हात फिरवायची, आपला डबा उघडायची, चीज आणि लोणच्याचं सँडविच खायची आणि परत यायची. शेजारणीला फोनवर सांगताना मी ऐकलंय, "यंदा रोरी लवकर फुलला."

आता पुढचं ऐक. गेल्या वर्षी युरोपातल्या एका जुन्या संग्रहाने आपल्या कागदांची छायाचित्रं सगळ्यांना बघायला खुली केली. मी भलतंच काहीतरी शोधत होते. एका कागदावर हाताएवढी फांदी, तपकिरी पडलेली, आणि खाली नाव, एपाक्रिस रेलिक्टा. जहाजावरच्या कुठल्याशा डॉक्टरने, रोरीच्या जन्माआधी शंभराहून जास्त वर्षं, आपल्या दक्षिण किनाऱ्यावर उतरून तोडलेली. मी बघितलं आणि खुर्ची मागे सारून उभी राहिले. पानांची ती ठेवण मी झोपेतही ओळखेन. स्वतःला म्हटलं, छायाचित्रावरून काही ठरत नसतं. त्यांना लिहिलं, पानाचा तुकडा मागवला. आला. मोजलं, तपासलं, प्रयोगशाळेत दिलं. निकाल आला, तर तपासणी मी पुन्हा करायला लावली. माझ्या उभ्या आयुष्यात चुकीचं ठरावं म्हणून मी एवढी मेहनत कधी केली नव्हती. ती दोन झाडं नव्हतीच. एकच. आणि आमच्यातला नियम तर शाळेतल्या पोरालाही कळेल असा, ज्याने आधी छापलं त्याचं नाव खरं. नंतरचं पुसत नाहीत, खालच्या ओळीत बारीक अक्षरात टाकतात, आणि पुढे ते कुणी वाचत नाही.

त्यानंतरचे महिने मी कशी वागले ते टॅम्सिनला विचार, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती. सरळ डोक्याची मुलगी. तिने एक दिवस दार लावून घेतलं आणि म्हणाली की ग्लेनिस, त्या कागदाकडे दीडशे वर्षं कुणी बघितलं नाही, अजून दहा वर्षं नाही बघितलं तर जगबुडी होणार नाही. तुझी आई काय अमर आहे का? छापायचं नंतर. मी तिच्यावर चिडले, कारण हेच मी रोज सकाळी गाडीत स्वतःशी बोलत यायची. पण मग कुठलीही फाइल उघडली तरी मला वाटायचं, हे नाव तरी खरं आहे का, की हेही कुणाच्यातरी आईसाठी ठेवलंय? काम होईना. घरी थांबवेना. शनिवार-रविवारी इकडे आईकडे यायची, तर ती चहा-स्कोन पुढे ठेवून रोरीच्या पाटीवर कुणीतरी काहीतरी गिरबटलंय, ते सरकारला कळव म्हणायची, आणि मला पाच मिनिटांत बागेत काहीतरी काम आठवायचं. इथल्या वॉलबींनी गुलाब खाल्ले म्हणून मी कुंपण घातलं, ते उपटून पुन्हा घातलं.

शेवटी मॉर्टलॉकांकडे गेले. किंग्स्टनच्या वृद्धाश्रमात असतात, नदीकडच्या खोलीत. दिसत जवळजवळ नाही, पण मी दारात 'सर' म्हटल्याबरोबर म्हणाले, "ये, हॅलम." मी सगळं सांगितलं. ते मांडीवरच्या शालीची कड बोटांनी चाचपत होते, पानाची कड चाचपायचे तशीच. माझं संपल्यावर म्हणाले, "रेलिक्टा. तीन ओळींचं वर्णन आहे त्याचं." म्हणजे त्यांनी वाचलं होतं. त्यांनीच पुढे सांगितलं की वर्णन वाचून शंका आली होती, पानं जुळत होती, फुलाचं जुळत होतं. मूळ फांदी युरोपातून मागवली असती तर तेव्हाच कळलं असतं. मी विचारलं, मग मागवली का नाही?

"रोरी गेल्यावर तुमच्या दारात मी रिकाम्या हाताने आलो होतो, ग्लेनिस," ते म्हणाले. "तुझ्या आईने मला चहा दिला आणि विचारलं, त्याला जे सापडलं ते काही कामाचं होतं का? पुन्हा रिकाम्या हाताने मला येववलं नसतं."

मी रागावणार होते, पण येईना राग. त्यांनी विचारलं, आईला, डल्सीला, सांगितलंस? मी नाही म्हटलं. "मग माझ्याकडे काय आलीस? नाव मी ठेवलं, पण सांभाळलं तिने. जा, तिला आधी सांग. मग छाप." निघताना मी म्हटलं, सर, त्या नावापुढे तुमचंही नाव आहे, तेही खाली जाईल. ते म्हणाले, "बरंय. बारीक अक्षर मला असंही दिसत नाही."

आईला सांगितलं तो रविवार. ती ओट्याशी ॲपल पायसाठी सफरचंदं सोलत होती, मी दारात, गाडीची किल्ली हातात तशीच. बसून सांगायचं ठरवलं होतं, बसले नाही. सांगून टाकलं. तिने सोलणं थांबवलं नाही. विचारलं, म्हणजे रोरी चुकला? मी म्हटलं, नाही आई, त्याने शोधलं ते त्याच्या परीने शोधलंच, फक्त कुणीतरी आधी येऊन गेलं होतं. मग म्हणाली, "आणि हे तू काढलंस." हो. "दुसऱ्या कुणाला सापडत नव्हतं?" ती सुरी ठेवून मागल्या दाराने गेली आणि सरपण फोडायला लागली. मी खिडकीतून बघत होते. आठवडाभराचं फोडलं, मग पुढचंही फोडलं. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आत आली तेव्हा कपाळाला भुसा चिकटलेला, अगदी बाबांसारखा. पाणी प्यायली आणि विचारलं, त्या नव्या नावाचा अर्थ काय? मी म्हटलं, नवं नाही, जुनंच आहे. रेलिक्टा म्हणजे मागे राहिलेली. मागे टाकून गेलेली.

"कोण मागे राहिली?"

तेच माहीत नाही, मी सांगितलं. त्याने लिहून ठेवलेलं नाही. कदाचित त्या किनाऱ्यावर तेवढंच एक झुडूप उरलं असेल, कदाचित जहाज निघताना घाईत पिशवी मागे राहिली असेल. आमच्यात असं पुष्कळ असतं, नाव राहतं, कारण हरवतं.

"पण बाईचं आहे ना ते नाव? 'राहिलेला' नाही, 'राहिलेली'?"

बाईचंच, मी म्हटलं. एपाक्रिस स्त्रीलिंगी, म्हणून रेलिक्टा.

तिने सोललेली सफरचंदं पाण्यातून काढली, निथळली. मग म्हणाली, "मग ठीक लागलंय. इतकी वर्षं त्या डोंगरावर रोरी थोडाच जात होता. जात होते मी." आणि मला म्हणाली, किल्ली ठेव, ओव्हन लाव.

मला वाटलं, संपलं. लेख छापून आला, टॅम्सिनने माझ्यासाठी केक आणला, तो मी खाल्ला नाही. पण आई काही वेगळीच वागायला लागली. एका जागी बसेना. कपाटं आवरून काढली, रोरीचे बूट इतकी वर्षं मागच्या खोलीत होते ते कुणाला तरी देऊन टाकले. फोनवर मधेच विचारायची, डनेडिनला हिवाळ्यात बर्फ पडतं का ग? मी म्हणायची, का? काही नाही, टीव्हीवर दाखवत होते. गेल्या आठवड्यात राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांनी पाटी बदलायची म्हणून कळवलं, तर हिने हट्ट धरला, मी येणार. ब्रॉनविन नावाची एक तरुण रेंजर होती, बिचारी इतकी अवघडली होती की स्क्रू हातातून पडत होते. जुनी पाटी तिने पुसून आईपुढे धरली, म्हणाली, मिसेस हॅलम, ही तुम्ही घरी न्या. आई म्हणाली, "घरी कशाला, बाळ? तो कुठल्या घरातला होता ते मला पाटी बघून आठवायचं आहे का?" मग स्वतःच तिला धीर दिला, स्क्रू धरून उभी राहिली, आणि नवी पाटी सरळ लागली आहे की नाही ते लांब जाऊन बघितलं.

परत येताना गाडीत मी रेडिओ लावला, तिने बंद केला. बागांमधून आलो, दोन्हीकडे पांढरा फुलोरा, वाऱ्याने पाकळ्या काचेवर. त्या जुन्या पॅकिंग शेडपाशी म्हणाली, थांब जरा. ती शेड आता बंद आहे, दारावर कुलूप आहे. ती खाली उतरली नाही. समोर बघत म्हणाली की रोरी गेला त्या एप्रिलमध्ये नरेल इथे पट्ट्याशी माझ्या समोरच उभी असायची, फळं निवडायला. मी तिच्याशी बोलत नव्हते, ती माझ्याकडे बघत नव्हती. पण सकाळी दार उघडून सफरचंदांचा वास अंगावर आला की ती मागे जाऊन ओकायची आणि तोंड धुऊन परत उभी राहायची. सगळ्या म्हणाल्या, दुःखाने. "मी दोन पोरं काढलीत, ग्लेन. दुःखाने फक्त सकाळी नाही ओकत कुणी."

मी गाडीचं इंजिन बंद केलं. मी म्हटलं, तुला तेव्हापासून माहीत आहे? ती म्हणाली, माहीत होतं, म्हणून तर नरेल निघून जाईपर्यंत मी रोज ठरवायची की आज बोलेन. "आणि मग मॉर्टलॉक ते नाव घेऊन आला. मला वाटलं, चला, एवढं तरी राहिलं रोरीचं. तेवढ्यावर भागवलं. झुडूप बरं असतं, त्याच्यापुढे मान खाली घालावी लागत नाही."

नरेल, मी तिला हे सांगितलं नाही, पण तुला सांगते, की मलाही संशय होता, आणि तो तुझ्या मुलीच्या नावावरून आला. तू पहिल्या कार्डात लिहिलंस, माझी एरिका आता चालते. वय लिहिलं नाहीस, कधीच लिहिलं नाहीस. रोरी कायम भांडायचा की पुस्तकवाले आपल्या एपाक्रिसला वेगळ्या कुळात ठेवतात ते साफ चूक आहे, या युरोपातल्या एरिकाच्याच रक्ताच्या बहिणी आहेत, एक दिवस सगळ्यांना एका कुळात घ्यावंच लागेल. हे ऐकलेली माणसं जगात दोनच, तू आणि मी. आणि खरंच घेतलं ग. तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आमच्या लोकांनी एपाक्रिसचं जुनं कुळ मोडलं आणि तिला एरिकाच्या कुळात आणलं. त्या दिवशी मला तुला फोन करावासा वाटला होता. नंबर काढला, टेबलाभोवती फिरले, आणि ठेवून दिला.

तर हे पत्र आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे. ती म्हणाली, तूच लिही, माझ्याने सुरुवात होत नाही, पण माफी लिहू नकोस, ती मी तोंडाने मागणार आहे. मी म्हटलं, त्यांना इकडे बोलावू या का, तर म्हणाली, "जिने घालवलं तिने जायचं." जी बाई मेलबर्नलासुद्धा कधी गेली नाही तिने परवा होबार्टला जाऊन पासपोर्टचा फोटो काढला. फोटोवाल्याने हसू नका सांगितलं तर म्हणाली, मला काही हसायचं कारण दिसत नाही. जानेवारीत यायचं म्हणते. आमची दोघींची चूक होत असेल तर तसं लिही, मी तिला सांभाळून सांगेन, आणि ती तरीही यायचं म्हणेल, कारण तिला एरिकाइतकंच तुझ्यासमोर उभं राहायचं आहे. पण चूक नसेल, तर एरिकाला तिच्या बापाबद्दल काय माहीत आहे ते मला आधी कळव. आम्ही दोघी दारात येऊन तिला पहिल्यांदा कळावं असं व्हायला नको. तिला आम्ही नको असलो तर तेही लिही. फोन करू नकोस, फोन आईच उचलते आणि तुझा आवाज ऐकून तिला काय होईल मला माहीत नाही. एका ओळीचं पत्रही पुरेल. मात्र पाठव, नरेल. टपालवाली अजून यायची आहे आणि आई आत्ताच कोट घालून फाटकाशी जाऊन उभी राहिली आहे. तिला सांगितलं मी, अग अजून माझं लिहूनसुद्धा झालं नाही.

मधली सगळी वर्षं धरूनही तुझीच,
ग्लेनिस